अंगठी मागून वाचायची असते

दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला, खिडकीला चिकटून, एक टेबल आहे. त्याच्या पुढच्या कडेला अर्धगोल खाच आणि खाचेखाली कातड्याची झोळी. कानस फिरली की उडालेला सोन्याचा कीस त्या झोळीत पडतो. या टेबलावर काकू अकरा वर्षं बसल्या. त्याआधी एकतीस वर्षं त्या शेजारच्या स्टुलावर होत्या, कारण टेबलावर त्यांचे यजमान बसत. यजमान कोंदणकार होते. ज्या लादीवर धातू तापवायचा तिची धूळ तीस वर्षं छातीत गेली आणि एके दिवशी छातीने काम थांबवलं. तेराव्या दिवशी काकू स्टुलावरून उठून खुर्चीत बसल्या. दुकान थोरल्या दिरांचं होतं. ते म्हणाले, "बसा. तसंही काम तुम्हालाच येतं." त्यांच्या तोंडून निघालेली ती एकमेव स्तुती.

दुकानात फक्त साखरपुड्याच्या जुन्या अंगठ्या विकल्या जातात. त्या येतात मेलेल्या माणसांच्या घरून आणि जातात लग्न ठरलेल्यांच्या बोटात. मधल्या काळात त्या काकूंच्या टेबलावर असतात. खडा धरून ठेवणारी झिजलेली नखी बदलायची, कडी लहान-मोठी करायची, आत कोरलेली दुसऱ्या कुणाची तरी तारीख घासून टाकायची.

काकूंनी अंगठ्यांच्या काळांना स्वतःची नावं दिली होती, घरातल्या दिव्यांवरून. सगळ्यात जुन्या त्या मेणबत्तीच्या. त्यांची पाठ बंद असते. खडा धातूच्या वाटीत बसवलेला असतो आणि त्याच्या खाली कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, चकचकीत पत्रा. त्याला डांक म्हणतात. उजेड खड्यातून खाली जातो, डांकेवर आपटतो, परत येतो. अंधाऱ्या खोलीत एका ज्योतीवर असा खडा पेटतो. मग गॅसबत्तीच्या: पाठ उघडी झाली, खडा नख्यांवर उचलला गेला. मग बल्बच्या: पांढऱ्या धातूची लेस, आणि लेशीचा कंटाळा आल्यावर सरळ रेषा, दोन्ही खांद्यांना उतरत्या पायऱ्या. महायुद्धातल्या अंगठ्या हातावर घेतल्या की वजनानेच कळतात, कारण त्यांत वजन नसतं. आणि युद्ध संपल्यानंतरच्या, फुगलेल्या, भपकेबाज. त्यांना काकू म्हणत, "नाकापेक्षा मोती जड."

दीर गेल्यावर दुकान त्यांच्या मुलाकडे आलं. हा काकूंचा पुतण्या. त्याच्याकडे जॉर्जियन, व्हिक्टोरियन, आर्ट डेको, रेट्रो अशी नावं होती आणि त्या नावांच्या बारीक अक्षरात छापलेल्या चिठ्ठ्या होत्या. "काकू, नाव सांगितलं ना, की गिऱ्हाईक भिंग मागत नाही," असं तो म्हणायचा. काकू म्हणायच्या, "नाव समोरून दिसतं रे. अंगठी मागून वाचायची असते." समोरची बाजू कोणीही कधीही बदलतं, फॅशन आली की खांदे नवे, नख्या नव्या. पाठीला कुणी हात लावत नाही. तिथे मूळ हात दिसतो, त्याची कानस दिसते.

दुसरा नियम पाण्याचा. बंद पाठीची अंगठी पाण्यात घालायची नाही. वाटीच्या कडेतून थेंब आत गेला की डांक काळवंडते आणि खडा मरतो. यजमान असताना टेबलावर पाण्याचा पेला ठेवायची कुणाची छाती नव्हती. तहान लागली तर उठा, बाहेर जा, प्या, हात पुसा, मग या. एकदा दिरांनी हसून विचारलं होतं, "अरे, खड्याला काय सर्दी होते?" यजमान म्हणाले होते, "होते. आणि बरी होत नाही."

मागच्या वर्षी काकूंना भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसेनासे झाले. कड दिसायची, बाराचा आकडा दिसायचा, मध्ये बोटाचा ठसा उमटल्यासारखा करडा डाग. आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्यातही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढला आणि सांगितलं, की मधला भाग झिजतोय, कडा राहतील, परत येणार नाही.

"गाडी चालवता का?"

"नाही."

"मग तशी फार अडचण नाही. शिवण-टिपण?"

"थोडंफार," काकू म्हणाल्या.

घरी त्या एकट्याच. मूलबाळ नाही. टेबल गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे डॉक्टरांच्या जिन्यावरच उभा राहिला. पुतण्या वाईट नव्हता, पण तो हिशेबी होता. शहरात लेझरने कडी जोडून देणारा कारखाना निघाला होता आणि त्याचं पत्रक वर्षभर गल्ल्याखाली पडून होतं. तेव्हा काकूंनी कुणालाच काही सांगितलं नाही. अकरा महिने.

हे कसं जमलं, ते त्यांच्या हातांमुळे. बेचाळीस वर्षांत अंगठ्याचं नख दुसऱ्या भिंगासारखं झालं होतं. नखी सैल आहे का, जोड उकलला आहे का, पाठ उघडी की बंद, सगळं नखाला कळायचं. मान थोडी वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहिलं की उरलेलं दिसायचं. अंगठीच्या पाकिटावर पुतण्याने लिहिलेली मापं वाचता येत नसत, त्यावर त्यांनी शोधलेला उपाय साधा होता. त्या पुतण्यावर खेकसायच्या.

"हे काय लिहिलंय? अक्षर आहे की कोंबडीचे पाय?"

"तेरा, काकू. दोन मापं कमी."

"मग तेरा लिही की. हे काय काढलंयस?"

तो हसून वाचून दाखवायचा. म्हातारी कुरकुरी झाली, एवढंच त्याने मनाशी धरलं.

एका सोमवारी एक शिक्षिका आली. पन्नाशीची, खांद्याला वह्यांची पिशवी. तिची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं उरलं नाही असं सांगितलं होतं. आईची बोटं वाळली होती, अंगठी गळून पलंगाखाली जायची आणि मग आई रात्रंदिवस तेवढंच विचारत राहायची.

"लहान करून द्या. आणि जरा धुऊन चमकवून द्या, मावशी. तिला बघायची आहे. गुरुवारपर्यंत होईल का?"

"होईल."

"फार जपलेली आहे. भांडी घासताना कायम काढून ठेवायची."

"बऱ्याच बायका ठेवतात," काकू म्हणाल्या.

पुतण्याने समोरून पाहिलं आणि पाकिटावर लिहिलं: आर्ट डेको. खांद्यांना पायऱ्या होत्या, धातू पांढरा होता, चूक म्हणावी असं काही नव्हतं. काकूंनी नेहमीप्रमाणे अंगठी पालथी केली आणि नख फिरवलं. नखाला जाळी लागली. कोरीव, भोकाभोकांची. जाळी म्हणजे पाठ उघडी. उघडी म्हणजे बल्बची. पाठ आणि समोर एकच सांगत होते. त्यांनी कडी कापली, तुकडा काढला, जोडली, घासली. मग अंगठी धुण्याच्या मशीनमध्ये साबणाच्या पाण्यात सोडली. चार मिनिटं.

डोळे असते तर जाळीच्या भोकांतून आत एक वाटी दिसली असती. मेणबत्तीच्या काळातली, जशीच्या तशी. कधीतरी कुणाच्या तरी आजीची अंगठी फॅशनमधून गेली होती आणि कारागिराने तिचा खडा वाटीतून न काढता, वाटीसकट, नव्या चौकटीत बसवला होता. वाटी लपावी म्हणूनच खाली जाळी दिली होती. असलं काम क्वचित सापडतं. काकूंनी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा पाहूनच ओळखलं होतं. नखाने नव्हे.

गुरुवारी सकाळी पुतण्याने अंगठी डबीत ठेवताना बल्बखाली धरली.

"काकू, खडा जरा काळपट वाटतोय?"

"जुने खडे विजेच्या दिव्यात रुसतात," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

शुक्रवारी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, शिक्षिका परत आली. वह्यांची पिशवी नव्हती. तिने डबी काउंटरवर ठेवली.

"आई म्हणते, ही तिची नाही."

"असं होतं कधीकधी," पुतण्या म्हणाला. "वय झालं की..."

"तिचं डोकं शाबूत आहे. अंगठी तीच आहे, ते तिलाही दिसतं. खडा बदललाय, असं म्हणते. अडुसष्ट वर्षं घातलीय तिने. काल रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली होती."

या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. पुतण्याचा चेहरा उतरला आणि आवाज चढला. "ताई, साठ वर्षांचं दुकान आहे. खडा बदलायचा असता तर बाहेर एवढ्या चिठ्ठ्या लावून बसलो असतो का? काकू! जरा बघा हो ही. सांगा यांना."

काकूंनी अंगठी घेतली. सवयीने भिंग डोळ्याला लावलं. भिंगात करडा डाग होता, नुसता मोठा झालेला. त्यांनी टेबलावरची बारीक सुई उचलली, अंगठी पालथी धरली आणि जाळीच्या एका भोकातून सुई आत घातली. उघड्या पाठीच्या अंगठीत सुई खड्यापर्यंत जाते आणि काचेवर फिरल्यासारखी घसरते. ही घसरली नाही. धातूवर टेकली.

दुसऱ्या भोकातून. धातू. तिसऱ्या भोकातून. धातू.

भांडी घासताना कायम काढून ठेवायची, असं शिक्षिका म्हणाली होती. ते तेव्हा ऐकलं होतं.

यातून सुटायला एक वाट होती. गप्प राहायचं. पुतण्या भांडला असता, पावती दाखवली असती, गिऱ्हाईक रडून-चिडून गेलं असतं. टेबल राहिलं असतं. पण पलंगावरची बाई आपला खडा चोरीला गेला असं समजून गेली असती. काकूंनी भिंग काढून ठेवलं.

"खडा तोच आहे. खाली बंद वाटी आहे, वाटीत डांक. मी पाण्यात घातली. डांक काळी पडली. चूक माझी."

"काकू, काहीतरीच काय? तुम्ही कधी..."

"मला वाटी दिसली नाही. मला दिसत नाही. वर्ष होत आलं."

पुतण्या हसला. मग त्याने काकूंकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि कोंबडीच्या पायांचं सगळं वर्ष एकदम त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो खुर्चीत बसला.

शिक्षिकेने शांतपणे विचारलं, वर्गात विचारावं तसं, "तुम्हाला दिसत नाही?"

"मधलं नाही दिसत."

"मग खडा तोच आहे, हे कुणी पाहिलं?"

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणायची सोय काकूंनी स्वतःच दोन वाक्यांपूर्वी घालवली होती. त्यांच्या साक्षीला किंमत होती ती त्यांच्या डोळ्यांची, आणि खरं बोलायला निघाल्यावर पहिल्यांदा खर्ची पडले ते डोळेच.

वाटी उघडून काळी डांक दाखवता आली असती. पण वाटीची कड उलगडायला नजर लागते. हात चुकला तर खड्याचा टवका उडतो. शहरात हे काम करणारा एक माणूस होता आणि तो अकरा वर्षांपूर्वी गेला होता. लेझरच्या कारखान्याला पुतण्याने त्याच वेळी फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "डांक म्हणजे?"

"मला तुमच्या आईंकडे न्या," काकू म्हणाल्या. "मी त्यांना सांगते."

"काय सांगणार?"

"जे झालं ते."

शिक्षिकेने डबी उचलली. ती निघाली आणि काकू तिच्या मागे निघाल्या, रस्ता ओलांडताना तिच्या ओढणीच्या कडेवर लक्ष ठेवून.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. पडदे ओढलेले, औषधाच्या बाटल्या, खिडकीत वाळत घातलेले दोन टॉवेल. पलंगावर बाई उशांना टेकून बसली होती, इतकी लहान की पांघरुणाखाली पाय आहेत की नाहीत ते कळू नये. काकू स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. वाटी, डांक, पाणी, डोळे. एकही शब्द गाळला नाही. बाईने ऐकून घेतलं. मग अंगठी हातात घेऊन खिडकीच्या फटीकडे धरली.

"यात दिवा होता," ती म्हणाली.

"होता, आई," काकू म्हणाल्या. "पाणी गेलं. विझला."

"दिवे गेले ना घरातले, की मी हात असा धरायची. हिला विचारा. हिला लहानपणी दाखवायची."

"दाखवायची," शिक्षिका म्हणाली.

"खडा तुमचाच आहे," काकू म्हणाल्या.

बाईने अंगठी पांघरुणावर ठेवली. रागावून नव्हे, उष्टा चमचा बाजूला ठेवावा तशी. "असेल. पण तुम्हीच म्हणता ना, विझला. मग विझलेली घेऊन मी काय करू?"

थोड्या वेळाने तिने लेकीला विचारलं, "माझी कधी आणणार?"

रविवारी पहाटे ती गेली. बोटात काही नव्हतं.

दहा दिवसांनी शिक्षिका दुकानात आली. पुतण्याने तिच्यापुढे तीन अंगठ्या मांडून ठेवल्या होत्या, यातली कोणतीही घ्या म्हणून. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. डबी ठेवली आणि म्हणाली, "ज्याचा खडा असेल त्याला द्या." दारातून वळून एकदा खिडकीकडे पाहिलं. काकू टेबलावरच बसल्या होत्या, पण टेबल रिकामं होतं.

पुतण्याने काकूंना काढलं नाही. हे तो स्वतः सर्वांना सांगतो आणि ते खरं आहे. कामं आता लेझरच्या कारखान्यात जातात, मंगळवारी आणि शुक्रवारी. टेबल त्याने पुसून, तेल लावून खिडकीत अर्धा हात पुढे ओढलं. कानशी लांबीप्रमाणे मांडल्या. वरून पिवळा दिवा सोडला. अंगठी घ्यायला आलेली जोडपी तिथे उभी राहून फोटो काढतात. काकू सकाळी दहाला येतात, खुर्चीत बसतात. गर्दी असली की पुतण्या म्हणतो, "काकू, भिंग लावा ना जरा." त्या लावतात.

"कशाला रे?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"जुन्या दुकानाला जुनं माणूस शोभतं, काकू."

"मग माझ्यापण गळ्यात चिठ्ठी अडकव. काळ कोणता लिहिशील?"

तो खूप हसला. गिऱ्हाइकांनाही सांगितलं.

शिक्षिकेची अंगठी चार महिने खणात होती. मग एका बुधवारी एका तरुण जोडप्याला नेमकी तशीच हवी होती, पायऱ्यांची, गडद खड्याची. मुलगी म्हणाली, "असा धुरकट रंग कुठेच मिळत नाही." पुतण्याने अंगठी काकूंकडे आणली आणि हळू आवाजात विचारलं, "काकू, कोणत्या काळातली म्हणू?"

काकूंनी ती पालथी केली. नख जाळीवरून एकदा गेलं आणि थांबलं. त्यांना दुसऱ्यांदा फिरवावं लागलं नाही.

"दोन काळांची आहे. समोरून बल्बची, आतून मेणबत्तीची. खडा धुरकट नाही, डांक मेलीय. आणि आता तरी पाण्यात घालू नका म्हणावं. जे काय उरलंय ते तरी राहील. चिठ्ठीवर लिही तसं."

"लिहितो."

"लिहिलंस की वाचून दाखव."

काउंटरवरून पेनाचा आवाज आला. मग पुतण्या टेबलापाशी येऊन वाकला आणि चिठ्ठी काकूंच्या डोळ्यांसमोर धरून, एकेक शब्द सुटा करत, वाचू लागला. "आर्ट डेको. मूळ खडा अधिक जुना. पाण्यापासून जपावे."

"ठीक," काकू म्हणाल्या.

चिठ्ठीवर तीन शब्द होते: आर्ट डेको, धुरकट. मुलीने अंगठी डबीत ठेवू दिली नाही. बोटात घालूनच ती दुकानाबाहेर पडली.